माइकवाला भाऊ
(कमी पैशातला सिनेमा : लेखांक ९)

कोहमाऱ्याला एसटीतून उतरलं की आधी कानावर येतात ते ट्रक. नागपूर-रायपूर महामार्ग इथूनच जातो आणि गोंदियाहून येणारा रस्ता त्याला इथे मिळतो. धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या की या गोंगाटात आणखी एक आवाज मिसळतो, भोंग्यावरच्या कॉमेंट्रीचा. सामना कुठे चाललाय ते दिसत नाही. तरी हातातला चहा संपेपर्यंत कुठल्या गावाला किती बॉलांत किती रन हवेत, बॅटिंग करणाऱ्याचं लग्न कुठे जमलंय आणि पुढच्या सिक्सरवर कुणी शंभर रुपये लावलेत, हे सगळं कळलेलं असतं.

गेल्या वेळी फुकटच्या जागांबद्दल लिहिलं होतं. त्यावर अनेकांच्या मनात येणारा विचार असा : मैदान फुकट, पोरं आपलीच, मग मित्रांच्या टीमवरच पिक्चर काढू. विचार चांगला आहे, हिशेब मात्र चुकीचा. भांडण, प्रेम, मरण हे सगळं एका खोलीत, दोन माणसांत उरकता येतं. क्रिकेटला बावीस जण लागतात आणि त्यातले वीस जण एका शॉटसाठी दिवसभर उन्हात बसून राहतात. सकाळी टाकलेला बॉल दुपारी मारला तर सावल्या चुगली करतात. कॅच पुन्हा घ्यायला सांगितला की नेमका सुटतो. आणि ज्याला खेळता येत नाही अशा नटाच्या हातात बॅट दिली, तर आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते स्टान्सवरूनच कळतं. रडण्याचा खोटा अभिनय तो खपवून घेईल, खोटा कव्हर ड्राइव्ह नाही.

मग ज्यांनी हे जमवलं त्यांनी काय केलं? अशा सिनेमांकडे नीट कान दिला तर बऱ्याच ठिकाणी एकच उत्तर ऐकू येतं : खेळ कमी दाखवला, ऐकवला जास्त.

आपल्या ओळखीचं उदाहरण ‘सैराट’चं. २०१६ सालचा हा चित्रपट मोठ्या स्टुडिओच्या पाठबळाचा, म्हणजे काटेकोर अर्थाने स्वतंत्र नव्हे. पण नागराज मंजुळेंनी त्याची सुरुवात केली ती गावच्या क्रिकेट सामन्याने आणि समालोचकाच्या बडबडीने. गाव कोणतं, कोणाचा दबदबा, परशा कोण, त्याचे दोस्त कोण, ही ओळख दुसऱ्या सिनेमात चार प्रसंग खाते. इथे ती भोंग्यावरून होते, आणि आपल्याला वाटतं आपण मॅच बघतोय.

इराणच्या जाफर पनाहींनी तर कमालच केली. ‘ऑफसाइड’ २००६ चा. बायकांना स्टेडियममध्ये मज्जाव, म्हणून मुलांचे कपडे घालून शिरू पाहणाऱ्या मुली पकडल्या जातात आणि बाहेर एका कुंपणात डांबल्या जातात. आत इराण-बहारीन सामना रंगलाय. तो खराच सामना होता, २००५ मधला विश्वचषक पात्रता फेरीतला, आणि चित्रीकरणाचा काही भाग तो चालू असतानाच तिथे झाला. मुलींना खेळ दिसत नाही, म्हणून पहाऱ्यावरचा एक शिपाई फटीतून बघून त्यांना धावतं वर्णन करून सांगतो. वर्णन धड करत नाही म्हणून त्यांची बोलणीही खातो. आख्खा आंतरराष्ट्रीय सामना एका शिपायाच्या तोंडून. याहून स्वस्त स्टेडियम अजून कोणी बांधलेलं नाही.

या प्रकारातला माझा सर्वांत लाडका चित्रपट अगदी अलीकडचा, कार्सन लुंड यांचा ‘इफस’. २०२४ मध्ये कान महोत्सवात ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात दाखवला गेला. अमेरिकेतल्या एका लहान गावात रविवारी बेसबॉल खेळणारे पोट सुटलेले गडी; मैदानावर शाळा बांधायची ठरलीय, म्हणून हा शेवटचा सामना. बस्स, गोष्ट एवढीच. बेसबॉल मला कळत नाही, आणि कळायची गरजही पडली नाही. पंच वेळ झाली म्हणून घरी निघून जातात, अंधार पडतो, तर हे मोटारींचे दिवे मैदानावर टाकून खेळत राहतात. रेडिओवरचा आवाज कोणाचा, तर फ्रेडरिक वाइजमन यांचा, माहितीपटांच्या जगातलं केवढं मोठं नाव! शिवाय बाहेर वही घेऊन बसलेला एक म्हातारा आहे, एकेक धाव टिपणारा. आपल्याकडचा स्कोअर लिहिणारा मास्तरच तो.

दक्षिणेत वेगळी वाट दिसते. ‘चेन्नई ६०००२८’ने २००७ मध्ये गल्लीतलं क्रिकेट घेतलं आणि बरेचसे नवखे चेहरे. ‘सुडानी फ्रॉम नायजेरिया’ (२०१८) मलप्पुरमच्या सेव्हन्स फुटबॉलचा, पण परदेशी खेळाडू जखमी होतो आणि पिक्चर मॅनेजरच्या घरात, त्याच्या आईच्या हातच्या जेवणाजवळ येऊन बसतो. पटकथेनेच मैदानाचा खर्च वाचवला.

विदर्भात माणसांची वानवा नाही. ‘झुंड’मध्ये (२०२२) विजय बारसेंच्या झोपडपट्टी फुटबॉलची गोष्ट सांगताना अमिताभ बच्चनसमोर नागपूरचीच पोरं उभी केली होती. त्याचं बजेट आपल्या लेखमालेत बसत नाही, पोरं बसतात. जयंत सोमलकरांनी ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, कधी कॅमेऱ्यासमोर न उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांना घेऊन केला आणि २०२३ मध्ये टोरांटोहून पुरस्कार आणला. कोहमाऱ्याच्या बाजूला तर झाडीपट्टीचा रंगमंच आहे. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत रात्रभर नाटकं चालतात, स्टेजवर माइक लटकलेले असतात आणि नट बरोबर त्याच्याखाली येऊन वाक्य टाकतो. माइकवर बोलायचं कसं हे इथे वेगळं शिकवावं लागत नाही.

असाच एक कॉमेंट्रीवाला मी गाठला. मैदान म्हणजे सपाट केलेल्या दोन बांध्या, मधला धुरा पाडलेला. भाऊ प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला, माइकला रुमाल गुंडाळलेला, मांडीवर स्कोअरची वही आणि वही उडू नये म्हणून तिच्यावर खर्ऱ्याची पुडी. दोन बॉलांच्या मध्ये त्याने हरवलेल्या चावीची सूचना दिली, एका काकांना मोटारसायकल बाऊंडरीतून काढायला लावली आणि अंपायरला चिमटाही काढला.

सामना संपल्यावर त्याला म्हटलं, भाऊ, मोबाइलवर रेकॉर्ड करतो, फायनलची शेवटची ओव्हर बोला. शेवटच्या बॉलवर चौका आणि कोहमारा जिंकला, असं धरा.

त्याने माइक तोंडाशी नेला, रिकाम्या मैदानाकडे पाहिलं आणि खाली ठेवला.

“बॉल दिसला पायजे ना गा. अन् कोन जिंकते ते आदीच मालूम असन, तं मंग मी बोलू काय?”

मी उलट क्रमाने जायचं ठरवलंय. आधी खऱ्या स्पर्धेतला त्याचा आख्खा दिवस रेकॉर्ड करायचा, चावीच्या सूचनेसकट. त्यातली बरी ओव्हर निवडायची. आणि मग त्याच पोरांना तेच टी-शर्ट घालून बोलवायचं, त्याने जे म्हटलं ते खेळायला.