खरकट्याचा जाळ आणि पाण्याचा हिशेब

बारामती व इंदापूर तालुक्यांत पाण्याची वांटणी सारखी नाहीं. नीरा डावा कालवा १८८५ सालापासून एका पट्ट्यास भिजवीत आहे, उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. तरी अवर्षणाच्या वर्षीं जिराइत गांवांत पाणी घागरीनेंच मोजावें लागतें. महसुली दप्तरांत बागाइत, जिराइत, पोटखराबा यांना रकाने आहेत. स्वयंपाकघरांत वायां जाणाऱ्या अन्नपाण्यास रकाना नाहीं. तो हिशेब गृहस्थानेंच ठेविला पाहिजे.

या कामीं एक साधन ध्यानांत घेण्यासारखें आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेंत डॉ. आनंद कर्वे यांनीं २००३ सालीं खरकट्यावर चालणारें घरगुती गॅसयंत्र सिद्ध केलें. त्याबद्दल संस्थेस २००६ सालीं ॲशडेन पारितोषिक मिळालें. शेण म्हणजे जनावरानें सत्त्व काढून घेतलेला चोथा. वायु करणारे जंतु जनावराच्या पोटांतलेच; त्यांस चोथ्याऐवजीं पिठाळ अन्न दिल्यास काम लवकर होतें. ४० किलो शेणापासून ४० दिवसांत मिळणारा वायु २ किलो पिठाळ किंवा गोड पदार्थांपासून एका दिवसांत मिळतो, असें संस्थेनें सांगितलें आहे.

रचना सोपी आहे. प्लॅस्टिकच्या मोठ्या टाकींत लहान टाकी उपडी बसविलेली असते. वायु सांठला कीं ती वर उचलली जाते, खर्चला कीं खालीं बसते. आरंभीं शेणकाला घालून जंतु वाढूं द्यावे. मग खरकटें बारीक करून बेताबेतानें चढवावें. एकदम फार घातल्यास आंतील द्रव आंबतो व वायु बंद पडतो. बाहेर येणारा द्रवच दुसऱ्या दिवशींचें खरकटें कालविण्यास घ्यावा, म्हणजे नवें पाणी फारसें लागत नाहीं. उरेल तो परसांतील झाडांस द्यावा.

मात्र क्रम चुकवूं नये. माणसें मोजून अन्न शिजवावें, हें पहिलें. उरलेली चांगली भाकरी गुरांची, हें दुसरें. विटलेलें, बुरसलेलें, गुरांस अपायकारक असें जें उरेल, तेवढेंच यंत्राचें.

म्हणून वाचकबंधूंनीं यंत्र घेण्यापूर्वीं महिनाभर घरचें खरकटें रोज तोलून वहींत मांडावें. तें किलोभरही भरत नसेल तर पैसे गुंतवूं नयेत. उकिरड्याचा खड्डाच पुरेसा आहे. भरत असेल, तर ज्या माउलीच्या डोळ्यांत चुलीचा धूर व डोक्यावर घागर आहे, तिच्या कष्टांचा कांहीं भाग तरी यानें उतरेल.