हुडाचे रंग : एक वाचनीय संकेत

पदवीदान समारंभात पदवीधराच्या पाठीवर रुळणारे हूड हे मुळात मध्ययुगीन युरोपात थंडीपासून डोके झाकण्याचे साधन होते. कालांतराने तो उपयोग सरला आणि वस्त्र चिन्ह म्हणून उरले. ऑक्सफर्डच्या एम्. ए. च्या काळ्या हुडास किरमिजी अस्तर असते, तर केंब्रिजच्या एम्. ए. च्या हुडास पांढरे. हे रंग परंपरेने रूढ झाले असल्यामुळे प्रत्येक विद्यापीठाची रीत स्वतंत्रपणे शिकावी लागते.

अमेरिकेत मात्र सर्वांसाठी एकच नियमावली असावी असा विचार पुढे आला. 1887 मध्ये विल्यम्स कॉलेजसाठी झगे तयार करणारे गार्डनर कॉट्रेल लेनर्ड यांच्या साहाय्याने 1895 मध्ये कोलंबिया विद्यापीठात भरलेल्या आंतरमहाविद्यालयीन मंडळाने ती सिद्ध केली.

या पद्धतीत हुडाचे तीन घटक तीन प्रश्नांची उत्तरे देतात. लांबी व मखमली किनारीची रुंदी यांवरून पदवीची श्रेणी कळते : स्नातकास 3 फूट व 2 इंच, पदव्युत्तरास साडेतीन फूट व 3 इंच, डॉक्टरास 4 फूट व 5 इंच. किनारीचा रंग विषय सांगतो : वाङ्मयास पांढरा, विज्ञानास सोनेरी पिवळा, वैद्यकास हिरवा, कायद्यास जांभळा. अस्तर संस्थेची ओळख देते. कोलंबियाचे अस्तर फिकट निळे असून त्यावर पांढरा कोनाकृती पट्टा असतो.

येथे एक शंका सहज उद्भवते. रसायनशास्त्रातील पीएच्. डी. धारकाची किनार सोनेरी असावी काय? नाही, ती गडद निळीच असावी. किनार संशोधकाचा विषय दर्शवीत नाही, पदवीचा विषय दर्शविते, आणि ही पदवी नावाने तत्त्वज्ञानाची आहे. याविषयी घोटाळा होत असल्याने 1986 मध्ये नियमावलीत तसे स्पष्ट करण्यात आले. एम्. एस्. झालेला तोच विद्यार्थी काल सोनेरी किनार धारण करीत होता. डॉक्टर होताच तो इतिहासकाराच्या रंगात येतो. एका अर्थी माहिती लोपते; परंतु सर्व शाखांतील सर्वोच्च संशोधन एकाच कुळातील आहे, ही भूमिका त्यातून व्यक्त होते.

नियमावली ऐच्छिक आहे. हार्वर्डमध्ये विद्याशाखेचा रंग हुडावर नसून झग्यावरील काकपदाकार नक्षीत असतो. अशी स्वतंत्र रीत सुसंगत असेल तर तीही वाचता येते. मात्र केवळ शोभेसाठी रंग बदलले गेले, तर हूड पुन्हा निव्वळ वस्त्र होईल.