केंद्रस्थानी माणूस, पण कोणता?

मोहर्लीत बसून बोलायचं आणि वाघ टाळायचा, हे काही जमायचं नाही. म्हणून मानवकेंद्री कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सर्जनशीलता हा आजचा विषय आपण वाघापासूनच सुरू करू.

याच मोहर्ली वनपरिक्षेत्रात सीतारामपेठ नावाचं गाव आहे. २०२३ मध्ये तिथे जंगलाच्या बाजूला कॅमेरे बसवण्यात आले. कॅमेऱ्यासमोर जनावर आलं की संगणक ते ओळखतो आणि वाघ असला तर इशारा देतो. दगडमातीची भिंत नाही, म्हणून तिला आभासी भिंत म्हणतात. काम चांगलं आहे, त्यात वाद नाही. पण या क्षेत्रात नव्याने संशोधनाला लागलेल्या मुलामुलींनी इथे जरा थांबून विचार करावा.

अशा यंत्राला वाघ 'दिसतो' म्हणजे काय? चित्रात वाघ असण्याची शक्यता किती, एवढंच ते सांगतं. समजा, ती शंभरात साठ आली. आता इशारा द्यायचा की नाही? थोड्या शक्यतेवरही द्यायचा ठरवला, तर गाय आली तरी फोन वाजेल आणि चार दिवसांत 'लांडगा आला रे आला'ची गत होईल. पुरती खात्री झाल्यावरच द्यायचा ठरवला, तर एखाद्या पहाटे खरा वाघ निसटेल. एक चूक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. मग कोणती सोसायची? हे गणित सांगत नाही. हा मूल्यांचा प्रश्न आहे.

आणि मूल्यं कुणाची? उन्हाळ्याच्या तोंडाशी बाया पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जातात. 'नाल्यावर वाघ आहे' ही बातमी त्यांच्यासाठी जिवाची धास्ती आहे. तीच बातमी जिप्सी चालवणाऱ्याला आणि गाइडला हवीहवीशी असते, कारण त्यांची रोजी तिच्यावर आहे. गाव एक, वाघ एक, बातमी एक. माणसं मात्र दोन. 'मानवकेंद्री' म्हणताना आपण यातला कोणता माणूस मध्ये ठेवतो, हे सांगितलं नाही तर तो शब्द पोकळच राहतो.

बेन श्नायडरमन यांनी २०२२ च्या आपल्या पुस्तकात एक महत्त्वाचा मुद्दा मांडला: यंत्राचं स्वयंचलन वाढलं म्हणजे माणसाचा ताबा कमी झालाच पाहिजे, असं नाही. दोन्ही एकत्र वाढू शकतात. आपण त्यात एवढीच भर घालू, की ताबा म्हणजे नुसतं बटण नव्हे. प्रश्न काय विचारायचा, हे ठरवण्याचा अधिकारही त्यात येतो.

इथेच सर्जनशीलता येते. मार्गारेट बोडेन यांनी तिचे तीन प्रकार सांगितले: ओळखीच्या गोष्टींची नवी जुळणी, आखलेल्या चौकटीतला शोध आणि चौकटच बदलणं. पहिल्या दोहोंत यंत्र आपल्याला भरपूर मदत करतं. तिसऱ्याचं काय? 'चित्रात वाघ आहे का?' ही संशोधकाची चौकट. 'आज कुठल्या वाटेनं, किती जणींनी, किती वाजता जावं?' हा मोहफुलं वेचणारीचा प्रश्न. पहिल्यावरून दुसऱ्यावर येणं, हे चौकट बदलणं आहे. ते प्रयोगशाळेत बसून सुचेलच असं नाही. तिच्याशी बोलावं लागतं.

हे कसं करायचं, याचा धडा शेजारच्या गडचिरोलीत आहे. मेंढा-लेखा गावाने अभ्यासगट आणि ग्रामसभा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात बाहेरचा जाणकार येऊ शकतो, माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं हे गाव त्या वाटेनेच तिथवर पोचलं.

तर संशोधकाने आपली जागा अभ्यासगटात शोधावी. शक्यतेची रेघ साठावर ओढली तर काय होईल, ऐंशीवर ओढली तर काय होईल, हे साध्या मराठीत, जमलं तर गोंडीतही, समजावून सांगावं. रेघ मात्र तिला ओढू द्यावी, जिला उद्या पहाटे टोपली घेऊन निघायचं आहे.