बालवाडीप्रवेशापूर्वीची भाषिक तयारी

जून महिन्यात बालवाडीचे वर्ग सुरू होण्यापूर्वी अनेक घरांतून एक विशिष्ट प्रकारची लगबग दिसून येते. मुलाकडून मुळाक्षरे, एक ते वीस अंक, रंगांची, फळांची व प्राण्यांची नावे पाठ करवून घेतली जातात, आणि आल्यागेल्यापुढे त्यांची उजळणी होते. ही तयारी पुरी झाली म्हणजे मूल शाळेस योग्य झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ज्या मुलाला पन्नास नावे मुखोद्गत आहेत, तेच मूल पहिल्या आठवड्यात बाईंना 'मला तहान लागली' एवढेही सांगू शकत नाही, हा अनुभव बालवाडीच्या शिक्षिकांना नवा नाही. अशा मुलाला 'अबोल', क्वचित 'मंद' असे विशेषण चिकटते, आणि एकदा चिकटलेले विशेषण लवकर सुटत नाही. म्हणून या तयारीचे खरे स्वरूप काय असावे, याचा भाषाशास्त्राच्या दृष्टीने विचार करणे आवश्यक ठरते.

१. मुलाजवळ काय असते

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, बालवाडीत येणारे मूल भाषेच्या दृष्टीने रिक्तहस्त नसते. 'मी आंबा खातो' असे म्हणणारा चार वर्षांचा मुलगा भूतकाळात 'मी आंबा खाल्ला', 'मी भाकरी खाल्ली', 'मी केळं खाल्लं' असे बोलतो. वर्तमानकाळी क्रियापद कर्त्याला अनुसरते आणि भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंगवचनाला अनुसरते, हा नियम त्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो. प्रौढ परभाषिकाला जो प्रयोगविचार वर्षानुवर्षे छळतो, तो या मुलाने खेळता खेळता आत्मसात केलेला असतो.

त्याच्या चुकाही हेच सांगतात. 'केला' या रूपाऐवजी मूल 'करला' म्हणते, ते कोणाचे ऐकून नव्हे. 'बस'वरून 'बसला', तर 'कर'वरून 'करला', असा नियम त्याने स्वतः बसविलेला असतो. जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी भाषिक लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे 'वग' हे बनावट नाव सांगितले व असे दोन प्राणी असल्यास काय म्हणावे, हे विचारले. पूर्वी कधीही न ऐकलेल्या या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी नियमानुसार बनविले. पुढे १९७० साली रॉजर ब्राउन व कॅमिल हॅनलन यांनी दाखवून दिले की, आईबाप मुलाच्या बोलण्याला मान्यता देतात किंवा नाकारतात ते प्रामुख्याने त्यातील अर्थाच्या खरेखोटेपणावरून, व्याकरणशुद्धतेवरून नव्हे. तात्पर्य, घरी बसून मुलाचे व्याकरण सुधारत राहणे ही शाळेची तयारी नव्हे. ते काम काळाबरोबर आपोआप होते.

२. मुलाजवळ काय नसते

उणीव असते ती भाषेच्या घराबाहेरील उपयोगाची. तिचे तीन भाग करता येतील.

पहिला भाग संदर्भाचा. घरात 'त्यानं माझं घेतलं' एवढे वाक्य पुरते. कारण 'तो' म्हणजे शेजारचा मुलगा आणि 'माझं' म्हणजे लाल चाक, हे आईला ठाऊक असते. 'भुर्र', 'मम्' यांसारखे शब्दही असेच घराच्या मालकीचे. बालवाडीतील बाईंना यांपैकी काहीच ठाऊक नसते. ऐकणाऱ्याला काय माहीत नाही याचा अंदाज घेऊन ते शब्दांत भरून काढणे, हे मुलाला नवे असते.

दुसरा भाग अनेकवचनाचा. घरी प्रत्येक आज्ञा नावानिशी येते. शाळेत 'मुलांनो, उठा' अशी हाक येते, आणि त्या अनेकवचनात आपणही आहोत हे मुलाला ओळखावे लागते. त्यात मराठीतील 'आपण' या सर्वनामाची भर पडते. ते ऐकणाऱ्यासह 'आम्ही' या अर्थी येते, आदरार्थी 'तुम्ही' या अर्थी येते आणि 'स्वतः' या अर्थीही येते. 'आपण आता हात धुऊ या' असे बाई म्हणतात. त्या स्वतः मात्र हात धूत नाहीत. 'मी', 'तू', 'आम्ही' यांची नुकतीच घडी बसलेले मूल अशा वेळी जागच्या जागी उभे राहिले, तर ती अवज्ञा नव्हे. तो अर्थग्रहणाचा प्रश्न आहे.

तिसरा भाग याचनेचा. घरी मुलाची तहान चेहऱ्यावरून ओळखली जाते. शाळेत ती वेळेवर, योग्य व्यक्तीला, योग्य संबोधनाने सांगावी लागते. आईला 'तू' म्हणणाऱ्या मुलाला 'बाई, तुम्ही' ही जोडी नव्याने जुळवावी लागते.

३. तयारी कशी व्हावी

या तिन्हींची तयारी पाठांतराने होत नाही, प्रसंगाने होते. सायंकाळी घरी परतलेल्या वडिलांना दिवसभराची हकिकत मुलाने सांगावी. वडील तेथे नव्हते, म्हणूनच त्यांचे 'कोण?', 'कुठे?', 'मग?' हे प्रश्न खरे असतात. आईला उत्तर ठाऊक असताना तिने विचारलेला 'हा रंग कोणता?' हा प्रश्न म्हणजे परीक्षा होय, संभाषण नव्हे. शेजारी निरोप पाठविणे हा तर आपल्याकडील जुना व उत्तम पाठ आहे. 'काकू, आईनं वाटीभर साखर मागितलीय' हे वाक्य बोलताना मुलाला आईचे 'मला' टाकून 'आईनं' म्हणावे लागते, काकूंना संबोधावे लागते आणि उत्तर लक्षात ठेवून परतावे लागते. चार मुलांना एकत्र बसवून 'सगळ्यांनी टाळ्या वाजवा' असा खेळ घेतल्यास अनेकवचनाचा सराव होतो. एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगण्याचाही उपयोग आहे. कारण गोष्टीतील राजा खोलीत नसतो, तो केवळ शब्दांनी उभा करावा लागतो.

अक्षरांविषयी एक सूचना. 'घर' हा शब्द उच्चारात एकाच आघाताचा आहे, कारण शेवटचा 'अ' आपण उच्चारत नाही. लिहिताना मात्र त्याची दोन अक्षरे होतात. 'कमळ' उच्चारात दोन तुकड्यांचा, लेखनात तीन अक्षरांचा. म्हणजे लिपी ही उच्चाराचे सरळ प्रतिबिंब नव्हे. शब्दांचे ध्वनी वेगळे ऐकण्याची सवय यमकांच्या व भेंड्यांच्या खेळांतून आधी लागली, तर पुढे अक्षर ओळखणे सुकर होते. हातात पाटी देण्याची घाई नसावी.

४. शाळेची तयारी

आतापर्यंतचा विचार एकतर्फी झाला. उंबरठ्याला दोन बाजू असतात, आणि तयारी शाळेनेही करावयाची असते. 'मी पानी पिऊ?' असे विचारणाऱ्या मुलाला प्रथम पाणी मिळाले पाहिजे. 'पानी नव्हे, पाणी' हा पाठ नव्हे. तहानेच्या प्रश्नाला उच्चारदुरुस्तीचे उत्तर मिळाले की मूल एकच गोष्ट शिकते. ती म्हणजे न विचारणे. ज्या मुलाची घरची बोली वारली, कोरकू किंवा अहिराणी आहे, त्याच्या बाबतीत हा धोका अधिकच.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह ते आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हे अंगणवाडीमागील सूत्र. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालविली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे 'अंगणवाडी' हा शब्द देशभर रूढ झाला. परंतु अंगणात जाणे म्हणजे अंगणातील बोलीतही जाणे, हा त्याचा अर्थ मागे पडता कामा नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकसंध पायाभूत टप्पा मानला असून, शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे म्हटले आहे. या शिफारशीचा पहिला कस बालवाडीच्या पहिल्या आठवड्यातच लागतो.

सारांश, मूल शाळेस योग्य झाले की नाही हे त्याला किती अक्षरे येतात यावरून ठरवू नये. अनोळखी माणसाला आपली गरज सांगता येते काय, आणि ती सांगितल्यावर ऐकणारे कोणी तेथे आहे काय, हे दोन प्रश्न विचारावेत. पहिल्याचे उत्तर घराने द्यावयाचे आहे, दुसऱ्याचे शाळेने.