आल्या-सुंठीच्या कडक गोळ्या

थंडी पडायला लागली की घसा धरतो आणि दुकानातल्या रंगीत कागदातल्या गोळ्यांकडे हात जातो. आज आपण तशीच, पण आलं, सुंठ, तुळस घातलेली कडक गोळी घरी कशी करायची ते बोलू. आल्याच्या वड्या बहुतेक जणींना येतात. पण वडी तोंडात टाकली की विरघळते, चघळायची गोळी मात्र काचेसारखी कडक हवी. साहित्य जवळजवळ तेच, फरक सगळा पाकाचा. ज्यांच्या हाताला चिक्की जमते, त्यांना ही गोळी जमलीच म्हणून समजा.

आधी पाक समजून घेऊ. साखर-गूळ पाण्यात उकळला की पाणी वाफ होऊन जातं, आणि जितकं पाणी कमी होईल तितका पाक जास्त तापतो. गोळीबंद पाक साधारण ११५ अंशांवर तयार होतो, पण तेव्हा त्यात शेकडा पंधराच्या आसपास पाणी असतं. लाडूला तो छान. कडक गोळीसाठी १५० अंशांच्या जवळ जावं लागतं, तेव्हा कुठे पाणी शेकडा एक-दोन उरतं. जे पाणी आत राहतं तेच गोळीला चिकट करतं. म्हणून अर्ध्यावर उतरवलेला पाक कितीही वाळवला तरी कडक होत नाही.

नुसत्या गुळाची गोळी करता येते, पण गूळ लवकर करपतो आणि कडू लागतो. नुसत्या साखरेचा पाक उलट परत साखरेत जातो, म्हणजे कणीदार होतो. म्हणून आम्ही दोन्ही अर्धे-अर्धे घ्यायला सांगतो: पाव किलो साखर, पाव किलो गूळ. संक्रांतीला तिळाच्या लाडवांसाठी चिकीचा गूळ मिळतो, तो मिळाला तर उत्तम. गूळ असल्यामुळे लिंबू पिळायची गरज नाही. जास्त आंबट घातलं तर गोळी ओल धरते.

काढ्यासाठी पन्नास ग्रॅम आलं किसून घ्या, चमचाभर ओवा आणि बोटाएवढा ज्येष्ठमधाचा तुकडा ठेचून घ्या. दोन कप पाण्यात उकळून एक कप उरवा, गाळा आणि अर्धा तास तसाच ठेवा. तळाशी पांढरट साका बसेल. ते आल्यातलं पीठ. वरचा काढा अलगद ओतून घ्या आणि साका टाकून द्या, नाहीतर तोच आधी कढईला लागतो.

तुळस काढ्यात घालू नका असं आम्ही म्हणतो तेव्हा बायका चमकतात. पण तुळस, लवंग, वेलची यांचा वास हलक्या तेलात असतो आणि ते वाफेबरोबर उडून जातं. पाक उकळेपर्यंत सगळं घर घमघमतं, गोळीत मात्र काही उरत नाही. त्यापेक्षा तुळशीची पानं सावलीत वाळवून चुरा करा. दोन चमचे सुंठपूड, अर्धा चमचा मिरपूड, पाच-सहा लवंगांची पूड आणि एक चमचा तुळशीचा चुरा बारीक चाळून वाटीत तयार ठेवा. हे सगळं शेवटी जातं. पूड ओलसर नको.

आता जाड बुडाच्या, उंच काठाच्या पातेल्यात साखर, गूळ आणि काढा घाला. गूळ विरघळला की एकदा गाळून घ्या, गुळात खडे-काड्या असतातच. मग मध्यम आचेवर ठेवा. आधी फेस वर येईल, नंतर बुडबुडे जड आणि सावकाश होतील. तिथून आच मंद करा आणि हलणं बंद. शेजारी वाटीत गार पाणी ठेवा आणि थेंब टाकून पाहत राहा. थेंबाची मऊ गोळी वळली, तर अजून बराच वेळ आहे. गोळी टणक झाली पण दाताला चिकटली, तरी थांबायचं नाही. थेंब बोटांनी वाकवताना कट्‌कन मोडला आणि ताटलीवर टाकल्यावर खण्‌ वाजला की त्या क्षणी गॅस बंद. यापुढचं अर्धं मिनिटसुद्धा गुळाला पुष्कळ होतं.

पूड घाला, भराभर ढवळा आणि तूप लावलेल्या ताटात ओता. एक-दोन मिनिटांत कड धरू लागली की तूप लावलेल्या सुरीने बोराएवढ्या चौकोनांच्या खोल रेघा मारा. गार झाल्यावर त्याच रेघांवर तुकडे मोडतात. गोल गोळी हवी असेल तर चमच्याने थेंब थेंब सोडा. हाताने वळायचा मोह नको. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा किती तरी गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो. लहान पोरं चुलीपाशी नकोत. भाजलंच, तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली हात धरा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका.

तुकडे सुंठपुडीत किंवा पिठीसाखरेत घोळवून लगेच कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. आषाढ-श्रावणात हा उद्योग मांडूच नये, हवेतली ओल गोळीत शिरते आणि सगळ्यांचा एक ढेकूळ होतो.

गोळीने घशाला आराम का पडतो? चघळताना लाळ सुटते, कोरडा घसा ओला राहतो, आणि आल्या-मिऱ्याची ऊब वाटते. तेवढंच तिचं काम. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, घशात अडकू शकते. मधुमेह असलेल्यांनी टाळावी, शेवटी ही साखरच. रक्तदाब असलेल्यांसाठी ज्येष्ठमध वगळा. अडुळसा खोकल्याला चांगला म्हणून बऱ्याच जणी घालतात. पण गरोदर बाईला तो चालत नाही, आणि विकलेली गोळी कोण खाणार हे आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा विक्रीच्या गोळीत तो नकोच.

आणि एक गोष्ट कान देऊन ऐका. खोकला दोन आठवडे हटत नसेल, संध्याकाळी अंग कणकणत असेल, वजन उतरत असेल किंवा बेडक्यात रक्त दिसत असेल, तर गोळी बाजूला ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बेडक्याची तपासणी करून घ्या, ती फुकट होते. आशाताई सोबत येतात. घरातला पुरुष जातो, सासूबाईंना नेलं जातं, आणि बाई मात्र गोळ्या चघळत खोकत स्वयंपाक करत राहते. क्षयाला तितका वेळ मिळाला की तो पोरांपर्यंत पोचतो.

गटाने विकायला काढायच्या असतील तर पाकिटावर ‘खोकल्याचं औषध’ छापू नका. औषध म्हटलं की वेगळा परवाना लागतो. ‘आल्या-सुंठीच्या गोळ्या’ म्हणा, एफएसएसएआयची नोंदणी करा आणि नोंदणी क्रमांक, साहित्य, वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत चांगल्या राहतील ती तारीख आणि हिरवी खूण छापा. अर्धा किलो साखर-गुळात पाच-पाच ग्रॅमच्या नव्वदेक गोळ्या निघतात. भाव ठरवताना गॅस, पाकीट आणि आपली दोन तासांची मजुरी धरा. मजुरी धरायची राहून जाते, हे गटांच्या हिशोबाच्या वह्यांत आम्ही नेहमी बघतो.

पातेलं मात्र घासत बसू नका. त्यात पाणी घालून उकळी आणा, चिकटलेला पाक आपोआप सुटतो. आणि तेच पाणी चहाला वापरा, आल्याचा फक्कड चहा होतो.