चिनी सुया आणि चिनी जडीबुटी

तालुक्याच्या गावी आताशा ‘ॲक्युपंक्चर’च्या पाट्या दिसतात. गुडघे धरलेल्या बायका आम्हाला विचारतात, या सुया टोचून घ्याव्यात का? आणि तिथंच कुणी चिनी जडीबुटीची पुडी दिली, तर ती घ्यावी का? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

आधी सुयांचं. ही सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते. केसासारखी बारीक आणि भरीव असते, तिच्यातून औषध आत जात नाही. ठरावीक जागी टोचून वीस-तीस मिनिटं तशीच ठेवतात. जुने चिनी वैद्य मानत, की शरीरात ‘ची’ नावाची शक्ती ठरलेल्या वाटांनी फिरते आणि ती अडली की दुखणं येतं. या वाटांवर ३६१ बिंदू सांगितले आहेत. शरीर उघडून पाहिलं तर अशा वाटा सापडत नाहीत. तरी जुनी कंबरदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशी यांत काहींना आराम पडतो. खोट्याखोट्या जागी टोचलं तरी पुष्कळांना बरं वाटतं, हेही चाचण्यांत दिसलंय. म्हणजे दुखण्यावर करून बघायला हरकत नाही. पण सुयांनी मधुमेह घालवतो, गाठ विरघळवतो म्हणणाऱ्याच्या पायरीवर चढू नका.

ही विद्या आपल्याकडे आणणाऱ्यांत डॉ. बिजयकुमार बसू होते. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये ते चीनला गेले होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथंच वारले. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन सुया शिकले आणि कोलकात्यात उपचार करू लागले.

आता जडीबुटी. जोतिबाला आपण दवणा वाहतो ना, त्याच्याच कुळातली एक वनस्पती चीनमध्ये तापावर देत. तू यूयू नावाच्या संशोधक बाईंनी तिचा अर्क काढून पाहिला, पण गुण कधी यायचा, कधी नाही. मग त्यांना सोळाशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात वाचायला मिळालं, की पाला पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा. उकळायचं नावच नाही! उष्णतेनं गुण जात असणार, हे त्यांनी ओळखलं. कमी उष्णतेवर अर्क काढला आणि मलेरियाचं औषध हाती आलं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जीवघेण्या मलेरियाला आज सरकारी दवाखान्यात याच औषधापासून केलेल्या गोळ्या देतात.

पण दुसरी बाजूही ऐका. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या एका दवाखान्यात बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या. दोन वनस्पतींची चिनी नावं सारखी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरीच पडली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं बिघडली, कित्येकींची पार निकामी झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्या झाडाची बहीण आपल्या रानातही आहे, ईश्वरीचा वेल. तिच्यातही तेच विष असतं, तिची मुळी पोटात घेऊ नका.

झाडपाल्याचं आहे, अपाय कसला, असं आपण सहज म्हणतो. वर काही पुड्यांत चोरून स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय. दोन दिवसांत गुडघे पळायला लागले तर हरखून जाऊ नका, संशय घ्या.

सुया घ्यायच्याच असतील, तर महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी कायदा आहे; उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारा. लाजायचं काय त्यात? सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा. वापरलेल्या सुईतून कावीळ, एचआयव्ही पसरू शकतो. दिवस गेले असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधी सांगा. बीपीची, साखरेची गोळी मात्र मनानं बंद करू नका.

आणि पुडी आधीच घेत असाल तर तिचं वेष्टन फेकू नका. पाय सुजले, लघवी कमी झाली, तर ते घेऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांना दाखवा.