गेम कन्सोलसाठी केबल कोणती घ्यावी?
पैठण गेट वा गुलमंडीवर केबल घेण्यापूर्वी पालकांनी टीव्ही आणि कन्सोल यांच्या मागील जोडण्या पाहाव्यात. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ च्या पिवळ्या टोकाच्या कंपोझिट केबलमधून रंग व प्रकाशाचे संकेत एकत्र जातात. म्हणून चित्र पुसट दिसते. लाल, हिरव्या, निळ्या टोकांची कंपोनंट केबल हे संकेत वेगवेगळे नेते, त्यामुळे चित्र अधिक स्पष्ट उमटते. मात्र टीव्हीत तशी जोडणी हवी.

प्लेस्टेशन ५ ला एचडीएमआयच लागते. सेकंदाला १२० चौकटींच्या ४के चित्रासाठी ४८ गिगाबिट क्षमतेची केबल कन्सोलच्या खोक्यातच मिळते. डिजिटल संकेत पूर्ण पोहोचत असल्यास सोनेरी मुलाम्याच्या महागड्या केबलने चित्र सुधारत नाही. तो खर्च व्यर्थच होय.